पबमेड फुकट आहे, मग लायब्ररीतून कशाला जायचं?

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहायची वेळ आली की हा प्रश्न पडतोच. पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायचं संकेतस्थळ, जून १९९७पासून सगळ्या जगाला फुकट आहे. चालवते अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, मेरीलँडमधल्या बेथेस्डा गावातून. महाडच्या दवाखान्यातल्या मोबाइलवर जे पबमेड उघडतं, तेच बॉस्टनमध्ये उघडतं. मग कॉलेजच्या लायब्ररीच्या पानावर जाऊन, लॉगिन करून, तिथल्या दुव्यावरून आत शिरण्याची कटकट कशासाठी?

शोधाचा खोका तोच असतो, फरक आजूबाजूला पडतो. लायब्ररीतून गेलात तर लेखाच्या शेजारी तुमच्या संस्थेचं बटण दिसतं आणि फुल टेक्स्टला पैसे मागणारं पान मधे येत नाही. ओव्हिड, एब्स्को, एम्बेस या सशुल्क शोधसेवांची एरवी बंद असलेली दारं उघडतात. शोध मात्र तुम्हालाच नीट करावा लागतो. तिथे लायब्ररीचं लॉगिन काही मदत करत नाही, आणि बहुतेकांचं घोडं अडतं ते तिथेच.

म्हणून हे परीक्षण एका खऱ्या प्रश्नाच्या आधाराने: लाल विंचू चावलेल्या रुग्णाला प्राझोसिन या औषधासोबत प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा फायदा होतो का? प्रश्न कोकणातला आहे आणि त्याचं उत्तर देणारे लेख ओळखीचे आहेत. डॉ. हिंमतराव बावस्करांचा लाल विंचवाच्या दंशाच्या हृदयविषयक पूर्वलक्षणांवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९८२ साली आला, आणि प्रतिविष अधिक प्राझोसिन विरुद्ध फक्त प्राझोसिन ही यादृच्छिक चाचणी 'बीएमजे'मध्ये २०११ साली. जाळं विणल्यावर त्यात हे मासे सापडले नाहीत तर जाळं फाटकं, असं खुशाल समजावं. तुमचा विषय कोणताही असो, गाईडकडून असे तीन-चार ओळखीचे लेख आधीच मागून घ्या. त्यांचे पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधले नोंदक्रमांक, 'ऑर'ने जोडून एक ओळ करायची, आपल्या शोधाशी 'अँड'ने जोडायची, आणि चारपैकी किती उरले ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण करणारे विरळा.

(इथे सगळं देवनागरीत लिहिलं आहे. खोक्यात अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचं, आणि अँड, ऑर, नॉट हे तिन्ही कॅपिटल अक्षरांत.)

आधी दाराबद्दल. कॅम्पसच्या वायफायवर असाल तर प्रकाशक तुमचा आयपी पत्ता ओळखतो आणि लॉगिनची गरज पडत नाही. हॉस्टेलवर मोबाइलचा डेटा वापरत असाल तर तुम्ही त्याच्या लेखी परके. लॅपटॉपला फोनचं हॉटस्पॉट जोडलेलं विसरून 'आपल्या कॉलेजला हे जर्नलच नाही' असा निष्कर्ष काढणारे दर वर्षी भेटतात. बाहेरून यायचं तर दोन-तीन पद्धती आहेत. इझीप्रॉक्सी असेल तर प्रकाशकाच्या पत्त्यात विद्यापीठाचं नाव घुसलेलं दिसतं. पत्त्यात ते दिसत नसेल तर तुम्ही कधीच बाहेर पडलेले आहात. ओपनअ‍ॅथेन्स किंवा शिबोलेथ असेल तर प्रकाशकाच्या पानावर संस्था निवडून लॉगिन करायचं असतं. भारतात हेच काम इन्फ्लिबनेटची इन्फेड व्यवस्था करते.

बिघडतं काय, तर बहुतेकदा बुकमार्क. लॉगिन झाल्यावर वर दिसणारा लांबलचक पत्ता जपून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्यातलं सेशन मेलेलं असतं आणि पान 'प्रवेश नाही' म्हणतं. लेखाचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) जपावा आणि लायब्ररीच्या पानावरून पुन्हा आत यावं. दुसरं, ब्राउझरने तिऱ्हाईत कुकीज किंवा पॉप-अप अडवलेले असतात, मग बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. तिसरं जरा गंभीर आहे. एखादा उत्साही विद्यार्थी डाउनलोडचं साधन लावून एका बैठकीत शेकडो पीडीएफ ओढतो आणि प्रकाशकाची यंत्रणा अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवते. सिनॉप्सिसच्या आदल्या रात्री असं झालं तर ग्रंथपालाला फोन करण्यावाचून उपाय नसतो.

एक छोटी सोय जी फारशी कुणी वापरत नाही: लायब्ररीने दिलेल्या पबमेडच्या दुव्याच्या शेवटी 'ओटूल' असा शब्द आणि संस्थेचं संक्षिप्त नाव असतं. तेवढ्या शेपटामुळेच लेखाशेजारी लायब्ररीचं बटण उगवतं. थेट पबमेडवर गेलात तर ते नसतं. माय एनसीबीआय, म्हणजे पबमेडचं वैयक्तिक खातं असेल तर सेटिंगमध्ये 'आउटसाइड टूल' या नावाखाली आपली संस्था एकदा निवडून ठेवता येते. मग कुठूनही लॉगिन केलं तरी बटण दिसतं. मात्र एनसीबीआयने स्वतःचे पासवर्ड २०२२ मध्ये बंद केले, आता गूगल, ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक) किंवा संस्थेचं खातं अशा बाहेरच्या खात्यानेच आत जाता येतं. फक्त संस्थेचं खातं जोडलंत तर एमडी संपल्यावर ते बंद पडेल आणि तीन वर्षं जपलेले शोधही हातचे जातील. ऑर्किड आजच जोडून ठेवा.

आता खोका. पबमेडमध्ये नुसते शब्द टाकले की ते आपल्या मनाने बरंच काही करतं: शब्दांना मेशमधल्या (लेखांना लावायच्या ठरावीक विषयशीर्षकांची सूची) शीर्षकांशी जुळवतं, ब्रिटिश-अमेरिकन वर्तनीची जोडी लावतं, एकवचन-अनेकवचन धरतं. हे पुष्कळदा चांगलंच असतं. पण त्याने काय केलं ते बघायचं ठिकाण अ‍ॅडव्हान्स्ड पानावर, हिस्टरीच्या ओळीतल्या 'डिटेल्स'च्या बाणामागे लपलेलं आहे. आमच्या मते पबमेडची ही सगळ्यात मोठी उणीव आहे. जी गोष्ट डोळ्यासमोर हवी ती तीन क्लिकांच्या आड ठेवली आहे. दर शोधानंतर तो बाण उघडून वाचा.

अवतरण चिन्हं घातली की ही सारी जुळवाजुळव बंद होते. 'स्कॉर्पियन स्टिंग' असं अवतरणात टाकलं तर 'स्टिंग्ज' हे अनेकवचनसुद्धा निसटतं. शब्दाच्या शेवटी स्टार (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) लावला तरी तेच, जुळवाजुळव थांबते. स्टारच्या आधी किमान चार अक्षरं लागतात. आणि स्टार आंधळा असतो. 'स्टिंग' पुढे स्टार लावला की 'स्टिंगरे' म्हणजे पाकट मासाही येतो. 'स्कॉर्पियन' पुढे लावला की 'स्कॉर्पियनफिश' येतो, तोही विषारी, तोही डंख मारणारा, त्यामुळे यादीत अगदी शोभून दिसतो. खरी गंमत पुढे आहे. स्टिंग हे रोगप्रतिकारशास्त्रातल्या एका प्रथिनाचंही नाव आहे आणि त्यावर अलीकडे लेखांचा पूर आलेला आहे. विंचवाला घट्ट बांधल्याशिवाय 'स्टिंग' हा शब्द एकटा सोडूच नये.

म्हणून शोध एका दमात लिहू नका. अ‍ॅडव्हान्स्ड पानावर एकेक कल्पना वेगळी शोधा, हिस्टरीत तिला क्रमांक मिळतो, मग क्रमांक जोडा.

पहिली ओळ विंचवाची. मेशमधलं 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' हे शीर्षक, 'ऑर' 'स्कॉर्पियन व्हेनम्स' हे शीर्षक, 'ऑर' शीर्षक-सारांशात स्कॉर्पियन-स्टार. शिवाय विंचवाची शास्त्रीय नावं. या लाल विंचवाचं नाव शास्त्रज्ञांनी बदलत नेलं आहे. जुन्या लेखांत तो ब्युथस टॅम्युलस, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आता हॉटेन्टोटा टॅम्युलस. तिन्ही नावं लागतात.

दुसरी ओळ औषधाची: मेशमधलं प्राझोसिन 'ऑर' शीर्षक-सारांशातलं प्राझोसिन. इथे फार डोकं लावायला नको.

तिसरी ओळ प्रतिविषाची, आणि इथे भाषेचा खरा घोळ आहे. मेशमधलं शीर्षक 'अँटिव्हेनिन्स' आहे. लेखक मात्र अँटिव्हेनम, अँटिव्हेनिन, अँटिव्हेनीन आणि जोडरेघ घालून अँटि-व्हेनम असं काहीही लिहितात. 'अँटिव्हेन' पुढे स्टार लावला की बहुतेक सापडतात, जोडरेघवाला वेगळा टाकावा लागतो. एवढं करूनही उत्तर आफ्रिकेतले लेख निसटू शकतात, कारण तिथे फ्रेंच वळणाने 'सेरोथेरपी' म्हणतात. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ट्युनिशियातल्या यादृच्छिक चाचणीच्या शीर्षकात हाच शब्द आहे. फक्त शीर्षकात अँटिव्हेनम शोधणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

मग पहिली आणि दुसरी 'अँड'ने जोडा, झाला पहिला संच. पहिली आणि तिसरी जोडा, झाला दुसरा. वय, मृत्युदर, आयसीयूतले दिवस हे सगळं शोधात कोंबायचा मोह होतो, तो टाळा. गाईडने शिकवलेल्या पिकोची (रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम) चारही अक्षरं खोक्यात उतरवायलाच हवीत असं नाही. परिणामांचे शब्द सारांशात पुष्कळदा नसतातच, आणि जुन्या 'लॅन्सेट'मधल्या छोट्या पत्रांना तर सारांशच नसतो. तिथे यंत्राकडे शोधायला फक्त शीर्षक आणि मेश उरतं. म्हणूनच मेश आणि मोकळे शब्द दोन्ही हवेत. उलट बाजूने, जी जर्नलं मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश लावलेला मुख्य भाग) नाहीत पण पबमेड सेंट्रल या फुकट फुल टेक्स्टच्या संग्रहामुळे पबमेडमध्ये दिसतात, त्यांच्या लेखांना मेश लावलेलंच नसतं. आपल्याकडची पुष्कळ जर्नलं याच गटात मोडतात. नुसत्या मेशवर विसंबलात तर घरचेच लेख गळतील.

कंस विसरू नका. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. 'प्राझोसिन अँड स्कॉर्पियन ऑर एन्व्हेनोमेशन' असं सलग टाकलंत तर पहिले दोन जोडून झाल्यावर जगातले सगळे विषबाधेचे लेख, घोणस-नाग-जेलीफिशसकट, वरून ओतले जातात. आकडा हजारांत गेला की आधी कंस तपासा.

आता एक चूक जी या विषयात विशेष महाग पडते. उंदरांवरचे प्रयोग नकोत म्हणून लोक शेवटी 'नॉट अ‍ॅनिमल्स' लावतात. पण विंचूही प्राणीच. विंचूदंशाच्या लेखांना, तो पूर्णपणे रुग्णांवरचा असला तरी, 'अ‍ॅनिमल्स' हा शिक्का सहसा बसलेला असतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि नेमके हवे ते लेखच जळतात. योग्य मांडणी दुहेरी नकाराची आहे: नॉट, मग कंसात 'अ‍ॅनिमल्स नॉट ह्यूमन्स'. म्हणजे प्राण्यांचा शिक्का आहे आणि माणसांचा नाही, एवढेच वगळा. सर्पदंश, रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस या आपल्याकडच्या सगळ्याच विषयांना हा नियम तंतोतंत लागू आहे.

डाव्या बाजूचे फिल्टर याच जातीचे आहेत. वय, लिंग, मानव-प्राणी हे फिल्टर मेशच्या शिक्क्यांवर चालतात. शिक्का नाही तो लेख बाहेर, मग तो कालचा ताजा लेख असो किंवा मेडलाइनबाहेरच्या जर्नलमधला. मुलांवरचे लेख हवे असतील तर फिल्टरऐवजी 'चाइल्ड', 'पीडिअ‍ॅट्रिक' वगैरे शब्दांची एक ओळ केलेली बरी. 'फ्री फुल टेक्स्ट' हा फिल्टर तर लायब्ररीतून शोधणाऱ्याने लावूच नये. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तुमच्या संस्थेने पैसे भरलेले सगळे लेख त्या एका टिचकीने अदृश्य होतात. आणि फिल्टर एकदा लावला की पुढच्या शोधालाही चिकटून राहतो. दुपारी 'मागची पाच वर्षं' लावलेलं विसरलात की संध्याकाळी १९८२चा लेख गायब.

हिस्टरी आठ तास हात न लावल्यास पुसली जाते. लेख तात्पुरते ठेवायच्या क्लिपबोर्डचंही तसंच, आणि त्यात ५०० लेखच मावतात. संपूर्ण शोधवाक्य, तारीख आणि आकडा एका साध्या फाइलमध्ये चिकटवून ठेवा. प्रबंधाच्या परिशिष्टात ते तसंच्या तसं लागतं.

ओव्हिडकडे वळू, कारण लायब्ररीचा खरा खर्च इथे आहे. आत तीच मेडलाइन आहे, वेगळी नाही. त्यामुळे पबमेड आणि ओव्हिड-मेडलाइन दोन्ही शोधून 'दोन डेटाबेस शोधले' असं लिहिणं म्हणजे एकाच विहिरीत दोन बादल्या सोडणं. लायब्ररीच्या यादीत एकाहून अधिक मेडलाइन दिसल्या तर 'मेडलाइन ऑल' निवडा, त्यात अजून शिक्के न बसलेले लेखही असतात.

मग ओव्हिड कशाला? जवळिकीच्या शोधासाठी. 'एडीजे३' हा ऑपरेटर दोन शब्द एकमेकांजवळ, कोणत्याही क्रमाने, शोधतो आणि त्यासोबत स्टारही चालतो. स्कॉर्पियन-स्टार, एडीजे३, मग कंसात स्टिंग-स्टार ऑर स्टंग ऑर एन्व्हेनम-स्टार. एका ओळीत प्रथिनवाला स्टिंग जवळजवळ पूर्ण साफ होतो. पबमेडनेही २०२२च्या अखेरीस जवळिकीचा शोध आणला, पण तिथे स्टार चालत नाही, त्यामुळे प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागतं. शिवाय मोजणी वेगळी आहे. ओव्हिडचं 'एडीजे३' म्हणजे मधे जास्तीत जास्त दोन शब्द. पबमेडमध्ये टिल्डनंतरचा (~) आकडा म्हणजे मधे तेवढेच शब्द. एकीकडचा ३ दुसरीकडे २ होतो. एका ठिकाणचा शोध दुसरीकडे उतरवताना इथे हमखास चूक होते.

ओव्हिडमध्ये शब्द आपोआप 'अँड' होत नाहीत. 'स्कॉर्पियन प्राझोसिन' असं सलग टाकलं की ते दोन शब्द शेजारी-शेजारी शोधतं आणि काहीच सापडत नाही. पबमेडची सवय असलेला माणूस इथे पहिल्याच पायरीवर ठेचकाळतो. विषयशीर्षकाखालची अधिक नेमकी शीर्षकंही हवी असतील तर 'एक्सप्लोड'ची चौकट आपण भरायची. पबमेड हे न विचारताच करतं. दिसायला ओव्हिड जुनाट आहे, पण प्रत्येक ओळीचा आकडा समोर असतो, कुठली ओळ फुगली ते लगेच कळतं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्याने लायब्ररीत ओव्हिड असेल तर तेच वापरावं. ओपीडीतल्या एका शंकेसाठी पबमेड पुरे.

दुसरा डेटाबेस म्हणून घ्यायचा तर एम्बेस. औषधांचे विषय आणि परिषदांमधले सारांश यांत तो वरचढ आहे, आणि त्याची शब्दसूची एमट्री वेगळी असल्याने मेशची शीर्षकं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. महाग आहे, आपल्याकडच्या थोड्याच संस्थांत असतो. नसेल तर स्कोपस आहे का विचारा, तेही नसेल तर गूगल स्कॉलरची पहिली काही पानं चाळा. स्कॉलरच्या सेटिंगमध्येही 'लायब्ररी लिंक्स' असतात.

फुल टेक्स्टबद्दल परिस्थिती नुकतीच बदलली आहे. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, बीएमजे ही नावं त्यात आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ही मोठीच सोय आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. योजना सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती आहे, खासगी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. आणि ती जर्नलांची आहे. ओव्हिड किंवा एम्बेस ती उघडून देईल ही आशा धरू नये.

बटण दाबूनही लेख उघडला नाही तर लगेच हार मानू नका. लायब्ररीचा दुवा जुळवणारा प्रोग्रॅम खंड-अंक-पान यांवर चालतो, आणि छापण्याआधी ऑनलाइन आलेल्या लेखाला खंड-अंक नसतात, म्हणून तो गोंधळतो. डीओआय घेऊन थेट प्रकाशकाच्या पानावर जा, पण प्रॉक्सीतून. एब्स्कोसारख्या संकलनात जर्नल असलं तरी ताजे अंक काही महिने किंवा वर्षभर अडवलेले असू शकतात, तोच लेख प्रकाशकाकडे मिळू शकतो. मुंबईतून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' तर सगळ्यांना खुलं आहे. बीएमजेतला तो २०११चा लेखही.

सापडलेले लेख बाहेर काढायला 'सेंड टू'मधून 'सायटेशन मॅनेजर' निवडा. एका वेळी १०,००० नोंदींपर्यंत फाइल मिळते, संदर्भ जपून ठेवणारं झोटेरो ती सरळ वाचतं. पबमेड पडद्यावरही पहिले १०,०००च दाखवतं. तुमचा आकडा त्यापुढे असेल तर फाइलची काळजी नंतर, आधी पहिली ओळ पुन्हा लिहा.

आणि लेख खरोखरच कुठे नसेल, समजा १९६०च्या दशकातल्या एखाद्या बंद पडलेल्या जर्नलमधला, तर लायब्ररीच्या काउंटरवर मागणी नोंदवा. डेलनेटची सदस्य असलेली लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीतून प्रत मागवू शकते. मागणीपत्रावर फक्त शीर्षक लिहू नका. जर्नलचं पूर्ण नाव, वर्ष, खंड, पानं आणि पीएमआयडी, एवढं द्या. शीर्षकात एका अक्षराची चूक असली तरी पीएमआयडीवरून समोरचा माणूस नेमका लेख काढू शकतो.